दोन हजेऱ्या : शाळेतील पोलीस आणि आपली मुले

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात विद्यार्थी दिनानिमित्त दिलेले भाषण)



आज ७ नोव्हेंबर. १९०० साली ह्याच तारखेला सातारच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत सुभेदार रामजींनी आपल्या धाकट्या मुलाचे नाव घातले. त्या शाळेला आपण आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतो. शाळेच्या दप्तरात ते नाव भिवा रामजी आंबेडकर असे नोंदले गेले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. तेव्हा आज शाळेविषयी आणि मुलांविषयी बोलणे उचित होय.

मेळावा सुरू होण्यापूर्वी दोन माता मजकडे आल्या. पहिली म्हणाली, "दादा, माझी पोरगी नववीला आहे. शाळेच्या वाटेवर टवाळ पोरे उभी असतात. शाळेच्या फाटकाशी पोलीस उभा करा, म्हणून सभेत ठराव करा." दुसरी म्हणाली, "आमच्या शाळेत महिन्याला पोलीस येतो. भाषण देतो, चांगले बोलतो. पण माझा पोरगा त्या दिवशी पोटात दुखते म्हणून घरीच बसतो." दोघींचे म्हणणे वरवर पाहता परस्परविरुद्ध दिसते. तथापि दोघीही खरे बोलत होत्या. ह्या दोन मातांना एकच उत्तर देता येईल काय, ह्याचा विचार आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत जसा शाळेत कायमचा नेमलेला पोलीस अधिकारी असतो, तसा आपल्याकडे नाही. परंतु पोलिसांचे पाऊल शाळेत पडू लागले आहे, ही गोष्ट खरी. २०१६ साली कोल्हापूर परिक्षेत्रात निर्भया पथके निघाली. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच परिक्षेत्रात मोडतात. मुलींची छेड काढणाऱ्यांचा बंदोबस्त करणे आणि शाळा-महाविद्यालयांत जाऊन मुलींना धीर देणे, हे त्यांचे काम. महाराष्ट्रातील अनेक शहरांत 'पोलीस काका' आणि 'पोलीस दीदी' ह्या नावांनी एकेका शाळेशी एकेक पोलीस जोडून देण्याचे उपक्रम झाले. केरळ राज्यात २०१० साली सुरू झालेली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशभर लागू केली; आठवी-नववीच्या मुलांना कायदा, शिस्त आणि नागरिकत्व शिकवणे हा तिचा हेतू होय. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याकडून अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली. शाळांत कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घ्या, असे शासनाचे आदेश निघाले. ह्याचा अर्थ, शाळा आणि पोलीस ह्यांचा संबंध पुढे वाढणार आहे, कमी होणार नाही. म्हणूनच तो कोणत्या प्रकारचा असावा, हे आपण आताच ठरविले पाहिजे.

बंधूंनो, शाळा आणि राखणदार ह्यांचा संबंध आपल्याला नवा नाही. गावगाड्यात वेशीवर उभा राहणारा वेसकर कोण होता? आपलाच आजा-पणजा. रात्री गावाची वेस तो राखी, चोराचा माग तो काढी, सरकारी टपाल तो पोहोचवी, सारा भरावयास तोच रयतेला बोलावून आणी. गावच्या पोलिसी कामाचा अर्धा भार ज्याच्या खांद्यावर, त्याच्या मुलाला मात्र गावच्या शाळेची वेस बंद! १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने न्याय त्याच्या बाजूचा आहे हे जाणले, परंतु इतर मुले शाळा सोडून जातील ह्या भीतीने त्याच्या पदरात काही टाकले नाही. सरकार होते, पोलीस होते, फौज होती. ह्या एका मुलासाठी ह्यांपैकी कोणीही हालले नाही.

बाबासाहेबांना प्रवेश मिळाला, परंतु वर्गात बसण्यास घरून आणलेले गोणपाट वेगळे टाकावे लागे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. १९२३ साली बोले ह्यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा आपणांस मोकळ्या केल्या. कागदावर केल्या! १९३५ साली गुजरातमधील कविठा गावी आपल्या लोकांनी मुले सामाईक शाळेत घालण्याचे म्हटले, तर गावाने त्यांचे जिणे मुश्किल केले. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' ह्या आपल्या ग्रंथात त्या गावाचे नाव कायमचे नोंदवून ठेवले आहे. ठराव करणारे सरकार ठरावाच्या पाठीशी पोलीस उभा करीत नाही, तोवर ठराव म्हणजे भिंतीवरचे चित्र, हे त्या गावाने आपणांस शिकविले.

ही एक बाजू झाली. पोलीस जेथे हवा होता तेथे तो आला नाही. आता दुसरी बाजू पाहा. जेथे तो नको होता, तेथे मात्र तो रोज येत होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ आणि १९२४ साली तो अधिक कडक केला. ह्या कायद्याने माणसाचे कृत्य पाहिले नाही, जन्म पाहिला. आईच्या कुशीत असलेले मूलही गुन्हेगार ठरले. चावडीवर जाऊन हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवाना घ्यावयाचा, रात्री पोलीस पाटलाने नाव पुकारले की झोपेतून उठून 'हजर' म्हणावयाचे. मांग, रामोशी, पारधी, कैकाडी ह्या आपल्या शेजाऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मास आले. शाळेत त्यांचे पाऊल जेमतेम दीड दिवस टिकले. मास्तरांच्या छडीने त्यांना शाळेबाहेर काढले आणि पुढे त्यांनी जी 'फकिरा' कादंबरी १९५९ साली लिहिली, तीत चावडीवरील हजेरीचा हा जाच जगापुढे आणला. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली, हे आपण जाणताच.

तेव्हा लक्षात घ्या, ह्या मुलुखात हजेऱ्या दोन होत्या. एक शाळेतील हजेरी, जीत आपल्या मुलाचे नाव नव्हते. दुसरी चावडीवरील हजेरी, जीत त्याचे नाव जन्मापासूनच होते. १९५२ साली तो काळा कायदा गेला. परंतु १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाची सवय मागे उरली. आज पारध्याच्या पालावरील मूल शाळेत आले की मास्तरांच्या डोळ्यांत क्षणभर जे उमटते, ते त्या सवयीचेच अवशेष होत. माझे तुम्हांस आजचे सारे सांगणे एवढेच, की ह्या दोन हजेऱ्यांची गल्लत होऊ देऊ नका. शाळेची हजेरी चावडीची हजेरी बनता कामा नये.

ही गल्लत कशी होते, ते माझ्या पाहण्यातील एका गोष्टीवरून सांगतो. गावाचे आणि शाळेचे नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, कारण असे अनेक ठिकाणी घडू शकते. आठवीच्या वर्गात एका शिक्षकांचा मोबाईल हरवला. वर्गात चाळीस मुले. मुख्याध्यापकांनी पोलीस बोलाविला. पोलिसाने विचारले, संशय कोणावर? तीन नावे सांगण्यात आली. दोन आपल्या वस्तीतील, एक पालावरील. गणवेशातील शिपाई वर्गात आला आणि सर्वांसमक्ष त्या तिघांना घेऊन गेला. दिवस मावळेपर्यंत ती मुले ठाण्यात बाकावर बसून होती. मारले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी मोबाईल त्या शिक्षकांच्या मोटारसायकलच्या डिकीत सापडला. दोन मुले शाळेत परतली, तिसरा परतला नाही. तो आज वीटभट्टीवर विटा वाहतो. त्याची आई मला म्हणाली, "पोलीस वर्गात आला तवा समद्यांनी बघितलं. मोबाईल गावला हे सांगाया मातुर कुणीच वर्गात आलं न्हाई."

ह्या एका वाक्यापुढे माझे सारे भाषण थिटे आहे. त्या शिपायाने कोणता मोठा अपराध केला? आपल्या समजुतीने त्याने कर्तव्यच केले. चूक त्याच्या पाठवणुकीत होती. मास्तरांचे काम पोलिसावर सोपविले गेले आणि चाळीसांतून तीन नावे निवडण्याचे काम जातीवर सोपविले गेले.

परंतु मी एकच बाजू सांगितली तर तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. दुसरीही गोष्ट ऐका. एका गावातील आपली मुलगी अकरावीला तालुक्याच्या ठिकाणी एस.टी.ने जात असे. स्थानकावर काही जण तिला जातीवरून टोमणे मारीत, वाट अडवीत. बापाने काय केले? मुलीचे शिक्षण थांबविले. चार महिने ती घरी बसली. पुढे निर्भया पथकातील एक महिला पोलीस महाविद्यालयात आली असता मैत्रिणीने तिच्या कानावर ही हकीगत घातली. ती बाई साध्या वेषात घरी आली, आईशी बोलली, मुलीशी बोलली. त्या मुलांना समज मिळाली, त्यांच्या वडिलांना ठाण्यात बोलावणे गेले. मुलगी पुन्हा एस.टी.त बसली. आज ती परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. येथे पोलिसाने शाळेचे दार बंद केले नाही, उघडले.

पोलीस तोच, कायदा तोच. एकीकडे दार बंद होते आणि दुसरीकडे उघडते, ह्याचे कारण काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मला अमेरिकेतील एका घटनेत सापडते. १९५७ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक गावी गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे प्रवेश मिळाला. ४ सप्टेंबर रोजी ती मुले शाळेपाशी आली, तेव्हा राज्याच्या गव्हर्नरने उभ्या केलेल्या नॅशनल गार्डच्या सशस्त्र शिपायांनी त्यांना अडविले. तीन आठवड्यांनी, २५ सप्टेंबर रोजी, अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी धाडलेल्या सैनिकांनी त्याच मुलांना संरक्षण देऊन त्याच दारातून आत नेले. इतकेच नव्हे, तर अध्यक्षांनी नॅशनल गार्ड आपल्या हुकमाखाली घेतल्यावर, ज्या गार्डने मुलांना अडविले होते त्याच गार्डला पुढे त्यांचे रक्षण करावे लागले. शिपाई तेच, बंदुका त्याच. बदलला तो हुकूम. शाळेच्या दारातील शिपाई चांगला की वाईट, हे त्याच्या गणवेशावरून ठरत नाही. तो कोणाच्या हुकमाने, कोणासाठी आणि कोणाविरुद्ध उभा आहे, ह्यावरून ठरते.

त्याच देशाने पुढे शाळाशाळांतून कायमचे पोलीस नेमले. १९५० नंतरच्या दशकात मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात ही प्रथा सुरू झाली आणि शाळांतील गोळीबाराच्या घटनांनंतर ती फोफावली. हेतू संरक्षणाचा होता. अनुभव असा आला, की जी खोडी पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटत असे, तीच बेड्यांपर्यंत जाऊ लागली आणि बेड्या पडणाऱ्यांत काळ्या मुलांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार अधिक निघाले. २०२० साली मिनियापोलिस शहराच्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला आपला करारच संपुष्टात आणला. दुसऱ्याच्या अनुभवाने जो शहाणा होतो, त्याला स्वतःची ठेच लागत नाही. आपण ती लागू देऊ नये.

तर मग शाळेत पोलीस नकोच, असे म्हणावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. २०१४ च्या एप्रिल महिन्यात अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, खर्डा गावी आपल्या समाजाचा सतरा वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या आवारातून मारीत नेला गेला आणि त्याचा खून झाला. दिवसाढवळ्या शाळेतून नेला! २०१७ च्या नोव्हेंबरात साक्षीदार उलटल्याने सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवशी त्या फाटकाशी कायद्याचा एक माणूस असता तर? हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही. बदलापुरात पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी ठाण्यात कित्येक तास तिष्ठत बसावे लागले. तेथेही दोष पोलीस असण्याचा नव्हता, पोलिसाने कर्तव्य न करण्याचा होता. दुर्बलाला कायद्याच्या शिपायाची गरज सबलाहून अधिक असते. सबलाचा शिपाई त्याच्या घरीच असतो.

परंतु डोळे मिटून विश्वासही ठेवता येत नाही. त्याच २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा देह आंबोली येथे नेऊन जाळण्यात आला, असे उघडकीस आले. आरोपी म्हणून पोलीसच पकडले गेले. ज्या जिल्ह्याच्या लोकांनी हे वाचले आहे, त्यांच्या मुलाने पोलीस पाहून पोटात दुखते म्हटले, तर त्याला भित्रा म्हणू नका.

बंधूंनो, ह्या पेचातून वाट कोठे आहे? बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात ती दाखविलेली आहे. समाजापुढे तीन मार्ग असतात, असे ते सांगतात. धम्म मुळीच न मानणे हा एक, त्याचा शेवट अराजकात. केवळ पोलिसाच्या बळावर समाज चालविणे हा दुसरा, त्याचा शेवट हुकूमशाहीत. आणि धम्म, व जेथे कोणी धम्म पाळीत नाही तेथे दंडाधिकारी, हा तिसरा. स्वातंत्र्य टिकते ते फक्त ह्या तिसऱ्या मार्गाने. हा विचार शाळेला लावून पाहा. ज्या शाळेत शीलाचे शिक्षण नाही, ती शाळा मोडते. ज्या शाळेत पोलीसच शीलाची जागा घेतो, ती शाळा तुरुंगाची पडवी बनते. जेथे शिक्षक शील शिकवितो आणि खरा अपराध घडेल तेथेच कायद्याला बोलावितो, तीच शाळा.

असे घडू शकते काय, असे कोणी विचारील. त्यांनी आपल्या साताऱ्याकडेच पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्या काळात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवली, एका चुलीवर आळीपाळीने राबली. गावोगाव विरोध होता. भाऊरावांनी ह्या मुलांची शिस्त पोलिसाकडून राखवून घेतली नाही. श्रमाने, एकत्र जेवणाने आणि एका माउलीच्या मायेने ती राखली. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने ह्या मुलांच्या पोटासाठी मोडले. ज्या जिल्ह्यात सावित्रीबाईंचे नायगाव आहे आणि जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आहे, त्या जिल्ह्याच्या शिक्षकांना शिस्तीसाठी शिपायाची गरज पडावी, ही गोष्ट त्यांना भूषणावह नाही.

आता कायदा काय म्हणतो, ते नीट ऐका आणि घरी जाऊन सांगा. अज्ञानामुळेच आपला घात होतो.

अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे. मुलावर आरोप असेल तर त्याच अधिकाऱ्याने अथवा जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाने त्याला हाताळावयाचे, आईबापांस कळवावयाचे आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावयाचे. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे मुलाशी बोलताना पोलिसाने साधा वेष घालावयाचा. बेडी घालावयाची नाही. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल, तर गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करावयाची. मी सांगितलेल्या त्या आठवीच्या वर्गात ह्यांपैकी एकही गोष्ट पाळली गेली नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, अथवा पंधरा वर्षांखालील मुलाला, साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलाविता येत नाही. पोलिसाने घरी यावयाचे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तो ज्यास कळला त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. शाळेची अब्रू म्हणून दडविणारा मुख्याध्यापकही शिक्षेस पात्र ठरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवावयाचे नाही.

शाळेत जातीवरून प्रवेश नाकारला, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदाही आहे. ह्या दुसऱ्या कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने शिक्षणसंस्थेत येण्यास अडथळा करणे हा स्पष्ट अपराध ठरविला आहे. कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासही त्यात शिक्षा सांगितली आहे. आणि येथे एक गोष्ट ठासून सांगतो. "तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हाला हा कायदा लागत नाही," असे कोणी ठाण्यात म्हणाल्यास ते असत्य आहे. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना ते स्थान मिळालेले आहे. धम्माने तुमचा मान वाढविला, तुमचा हक्क हिरावून घेतला नाही.

मग आपण काय करावयाचे? चार गोष्टी सांगतो आणि संपवितो.

पहिली. शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिरा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ह्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. मजुरी बुडते म्हणून आपण सभेस जात नाही आणि आपल्या मागे आपल्या मुलांचे निर्णय होतात. एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, परंतु ही खुर्ची रिकामी ठेवू नका.

दुसरी. ह्या समितीत असा नियम मंजूर करून घ्या, की खोडी, भांडण, उशीर, किरकोळ चोरीचा संशय ह्यांसाठी पोलीस बोलाविला जाणार नाही. ते काम शिक्षक आणि पालकांचे. पोलीस बोलाविलाच, तर प्रथम आईबापांस निरोप गेला पाहिजे. गणवेशात वर्गात येऊन कोणाही मुलाला उठविता येणार नाही. आणि संशय खोटा ठरल्यास, ज्या वर्गात तो घेतला गेला त्याच वर्गात, सर्वांसमक्ष, तसे सांगितले गेले पाहिजे. त्या मातेचे आपण एवढे तरी देणे लागतो.

तिसरी. खरा अपराध घडला तर मात्र गप्प बसू नका. मुलीची शाळा बंद करणे हा उपाय नव्हे. ती शिक्षा आहे आणि ती निरपराध्याला होते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, ११२ हा पोलिसांचा. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा; तेथेही दाद न मिळाली, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तोंडी बोलू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. ज्या समाजाला लेखणी नाकारली गेली होती, त्याने आता लेखणीनेच बोलले पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या तरुणांसाठी आहे. आज पहाटे मी येथे येत असता मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले पाहिली. त्यांत आपलीही होती. मला आनंद झाला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे निवेदन देताना बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे बाबासाहेबांनी मागणी केली होती, की लष्कर, आरमार आणि पोलीस ह्यांत सर्व दर्जांवर आपल्या लोकांना मोकळा प्रवेश असावा. ज्या दारासाठी ते भांडले, त्या दारातून तुम्ही आत जात आहात. तर मग मुलांनो, उद्या तुम्हांस गणवेश मिळेल आणि कधीतरी एखाद्या शाळेतून बोलावणे येईल. मुख्याध्यापक तीन नावे सांगतील. कदाचित ती नावे तुमच्या वस्तीतील नसतील, पालावरील असतील. त्या वेळी तुम्ही काय कराल, ह्यावर तुमचा धम्म ठरेल. गणवेश बदलून माणूस बदलत नसेल, तर वेसकराचा शिपाई झाला एवढेच म्हणावे लागेल.

त्या दोन मातांना मी आता उत्तर देतो. पहिल्या बाईंना सांगतो, तुमच्या मुलीच्या वाटेवर पोलीस अवश्य असावा. तो मागा, हक्काने मागा. दुसऱ्या बाईंना सांगतो, तुमच्या मुलाच्या वर्गात मास्तरांच्या जागी पोलीस असता कामा नये. त्याला अवश्य विरोध करा, हक्काने करा. वाटेवर रक्षक आणि वर्गात शिक्षक, एवढेच आपले म्हणणे आहे.

१९०० साली ह्याच तारखेला सातारच्या शाळेत एका मुलाने 'हजर' म्हटले. तो गोणपाटावर बसून म्हणाला, पण म्हणाला. त्या एका उच्चारातून पुढे देशाची राज्यघटना लिहिणारा हात घडला. आपल्या प्रत्येक मुलाने उद्या सकाळी शाळेत तोच शब्द निर्भयपणे उच्चारावा. मागे वळून दाराकडे पाहण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. ही जबाबदारी तुमची आणि माझी आहे.

जय भीम.